नरसिंहपूरची शीव : हद्द आखायची तर खेड्याला विचारा!



सीमाप्रश्नाची सभा संपते, घोषणा होतात, आणि घरी जाता जाता आपल्यातलाच एखादा गडी हळूच विचारतो, "खेडे हा घटक, खेडे हा घटक म्हणतात, ते नक्की काय असतं?" विचारणाऱ्याला हसू नका. मलाही पहिल्यांदा उमगलं नव्हतं. आयोग, कलमं, सूत्रं ही वकिलांची बोली. आपण गिरणीतली माणसं. साचा पुस्तकातून कळत नाही, साच्यापुढं उभं राहिलं की कळतो. म्हणून आज मी तुम्हाला एका खेड्यापुढं उभं करतो. त्या खेड्याची माती, पाणी आणि जुनी हकिकत सांगतो. तेवढं ऐकून घ्या, मग घटक म्हणजे काय ते सांगायला वकील लागणार नाही.

गावाचं नाव नरसिंहपूर. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. सांगलीकडं कोळे नरसिंहपूर आहे ते वेगळं. हे नीरेकाठचं, म्हणून लोक याला नीरा-नरसिंहपूर म्हणतात.

दोन नद्यांच्या चिमट्यात

पुणे जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. पश्चिमेला सह्याद्रीचा रुंद माथा, आणि तिथून जिल्हा निमुळता होत होत आग्नेयेला उतरत जातो. त्या अगदी शेवटच्या टोकावर नरसिंहपूर बसलं आहे. भीमाशंकराहून निघालेली भीमा उत्तरेनं आणि पूर्वेनं वळसा घालून येते. भोरच्या डोंगरातून निघालेली नीरा दक्षिणेनं येते. सगळा इंदापूर तालुका या दोघींच्या मधोमध सापडलेला. नरसिंहपुराशी चिमटा मिटतो आणि नीरा भीमेला मिळते. पुणे जिल्हा तिथं संपतो.

नीरा ओलांडली की माळशिरस तालुका. भीमा ओलांडली की माढा तालुका. दोन्ही सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे गावाच्या दोन अंगांना दुसरा जिल्हा, आणि पाठीला फक्त आपला. बाजारहाटाला अकलूज आणि टेंभुर्णी जवळ, तीही सोलापूर जिल्ह्यातलीच. पुण्याची कलेक्टर कचेरी गाठायची तर दीडशे किलोमीटरच्या वर रस्ता तुडवायचा.

आता मला सांगा, ही हद्द कधी कुणाला टोचली का? लेक नदीपलीकडं दिली म्हणून परमुलखात दिली असं कुठल्या आईला वाटत नाही. अलीकडं सातबारा मराठी, पलीकडं सातबारा मराठी. शाळा मराठी, पोलीस ठाण्यातली फिर्याद मराठी, एस.टी.ची पाटी मराठी. आपल्या आया जुन्या लुगड्याला दांड घालून नेसत. दांडाची शिवण दिसते, पण नेसणारीच्या अंगाला ती काचत नाही. नरसिंहपूरची जिल्हाहद्द ही अशी दांडाची शिवण आहे.

भांडणं होत नाहीत असं नव्हे. गावाच्या वर भीमेवर उजनीचं मोठं धरण १९८० साली पुरं झालं. त्यात इंदापूर तालुक्याची गावं बुडाली, पळसदेव बुडालं. धरणाच्या पाण्यासाठी इंदापूरकर आणि सोलापूरकर आजही हमरीतुमरीवर येतात. २०२१ साली उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरकडं न्यायचा विषय निघाला, सोलापूर जिल्हा पेटून उठला, आणि सरकारला आदेश मागं घ्यावा लागला. भांडण कडाक्याचं झालं. पण ते एका राज्यात, एका विधानसभेपुढं आणि दोन्ही बाजूंना समजणाऱ्या भाषेत झालं. "तुम्ही परके, तुमच्या राज्यात जा," असं कुणी कुणाला म्हणालं नाही. भाषा एक असली की भांडणसुद्धा घरातलं राहतं, आणि घरातलं भांडण कधी ना कधी मिटतं.

देव आणि नदी हद्द आखत नाहीत

गावात लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ आहे. नदीपात्रात उतरणारा दगडी घाट आहे. देवाची मूर्ती वाळूची, आणि ती भक्त प्रल्हादानं केली अशी लोकांची श्रद्धा आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजयंतीची यात्रा भरते. आजचं देऊळ पेशवाईत विंचूरकर सरदारांनी बांधलं. विंचूर कुठं? नाशिक जिल्ह्यात. तिकडच्या सरदारानं पुण्याच्या शेवटच्या टोकावर दगड रचला, कारण मुलूख एक होता. किती तरी घराण्यांचं हे कुलदैवत. त्यांत कर्नाटकातली घरंही आहेत. ती माणसं येतात, अभिषेक करतात, प्रसाद घेतात आणि आपल्या गावी जातात. आपण त्यांना आनंदानं वाट देतो.

आणि ही भीमा पुढं कुठं जाते ते बघा. नरसिंहपूरच्या संगमाचं पाणी पंढरपूरला जातं, आणि तिथं भीमेची चंद्रभागा होते. पावसाळ्यात वीर आणि उजनी धरणांतून पाणी सुटलं की संगमावर किती पाणी वाहतंय तो आकडा आधी पंढरपूरकर विचारतो, कारण तो आकडा म्हणजे उद्या त्याच्या दारात येणारा पूर. पंढरीहून नदी खाली उतरते. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला काही अंतर हीच भीमा महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची हद्द होते. पुढं ती पुरती कर्नाटकात शिरते, गाणगापुराला दत्ताचे पाय धुते आणि रायचूरकडं कृष्णेला मिळते.

गाणगापूरला लाखो मराठी माणसं जातात. म्हणून गाणगापूर महाराष्ट्राला द्या, असं आपण कधी म्हणालो का? नाही. नरसिंह कर्नाटकातल्या घरांचं कुलदैवत आहे, म्हणून नरसिंहपूर आम्हाला द्या, असं कन्नड माणूसही म्हणत नाही. देव सगळ्यांचा आणि नदीही सगळ्यांची. देवळावरून राज्याची हद्द ठरत नाही, नदीवरूनही ठरत नाही आणि बाजारपेठेवरूनही ठरत नाही. बाजारावरून ठरवायचं तर नरसिंहपूर कधीच सोलापूर जिल्ह्यात घालावं लागलं असतं. हद्द ठरते ती त्या गावात जी माणसं नांदतात, त्यांच्या तोंडच्या भाषेवरून आणि त्यांच्या इच्छेवरून. खेडे हा घटक म्हणजे एवढंच.

मोजलं सगळं, विचारलं काहीच नाही

"अहो, पण असं गावागावानं राज्य कापता येतं का?" असं शहाणी माणसं विचारतात. त्यांना इंदापूर तालुक्याचा इतिहास दाखवायला हवा.

हा मुलूख जुना. भोसल्यांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर होतं. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रज आला. त्याला सारा पाहिजे होता. १८३० च्या आसपास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्याची मोजणी करून सारा बसवला. विलायतेतल्या पुस्तकी अर्थशास्त्राचा हिशोब त्यानं आमच्या मुरमाड रानाला लावला. खर्च वजा जाता जे उरेल त्यातले शंभरातले पंचावन्न सरकारचे! वर हाताखालचे लोक लाचखाऊ. जमिनीची प्रत चुकीची लागली, पीक कागदावर जास्त आणि खळ्यावर कमी. वसुलीसाठी रयतेचे हाल हाल झाले. तेव्हा इंदापूरच्या शेतकऱ्यानं काय केलं? त्याला मत नव्हतं, सभा नव्हती, युनियन नव्हती. त्यानं जमीन पडीक टाकली आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो निजामाच्या मुलखात निघून गेला. आपण संपावर जातो तसा तो रानावरून उठून गेला. त्याचं उत्तर पायांनी दिलेलं होतं.

त्या उत्तरानं सरकार हाललं. १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी इंदापूर तालुक्यात आले आणि नवी पैमाईश सुरू झाली. रान फिरून जमिनीच्या प्रती ठरवल्या, त्यांची किंमत आण्यांत धरली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. शेतांना नंबर पडले, हद्दीचे दगड बसले, गावाचा नकाशा झाला. मुंबई इलाख्यातली ही नव्या पद्धतीची पहिली मोजणी, आणि ती झाली आमच्या इंदापुरात! इथं जे जमलं तेच पुढं इलाखाभर नेलं. धारवाडकडं नेलं, बेळगावकडंही नेलं.

बंधूंनो, हे नीट ध्यानात घ्या. नरसिंहपूरची शीव आणि बेळगावकडच्या मराठी खेड्याची शीव एकाच पद्धतीनं मोजलेली आहे. प्रत्येक गावाची शीव ठरलेली, नकाशा झालेला आणि दगड पुरलेला आहे. मग गावागावानं हद्द आखता येत नाही हे कोण म्हणतं? रेघा तर दीडशे वर्षांवर जमिनीत आहेत. त्या रेघांतल्या कुठल्या रेघेला राज्याची रेघ म्हणायचं, एवढंच ठरवायचं आहे. ते ठरवताना गावाला विचारायचं आहे. आणि नेमकं तेवढंच आजवर कुणी केलं नाही.

न कळणारा कागद

आणखी एक हकिकत याच भागातली. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती कर्जरोख्यांची दप्तरं. रोखे हाती आले तसे जाळले. हा दख्खनचा दंगा म्हणून पुस्तकात आहे. पुणे-नगर जिल्ह्यांत तो पसरला आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

रोखेच का जाळले? कारण त्या कागदावर काय लिहिलंय ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. निशाणी त्याची, पण मजकूर दुसऱ्याचा. न कळणाऱ्या कागदावर ज्याचा अंगठा उठतो, त्याची जमीन जाते, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

आता आपलं बघा. माझं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. गिरणीच्या दारावर नोटीस मराठीत लागली तर मी ती वाचतो, चार जणांना वाचून दाखवतो, आणि दुपारच्या पाळीला सगळं खातं काय ते समजून असतं. तीच नोटीस न कळणाऱ्या भाषेत लागली तर मुकादम सांगेल तो अर्थ! बदली कामगाराला विचारा, न वाचता सही केल्याची किंमत काय पडते ती.

सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्याचं गाऱ्हाणं तंतोतंत हेच आहे. त्याचा जमिनीचा उतारा कानडीत, सरकारी नोटीस कानडीत. घरात मराठी, गावात मराठी, भजन मराठी, आणि जमिनीचा कागद मात्र वाचायला दुसरा माणूस शोधायचा. कानडी ही थोर भाषा आहे, तिच्याविषयी आपल्या मनात अढी नाही. पण ज्याला जी कळत नाही, तिच्यात त्याच्या जमिनीचा हिशोब लिहिणं हा अन्याय आहे. नरसिंहपूरचा शेतकरी नीरा ओलांडून माळशिरसच्या तहसीलात गेला तर त्याला दुभाष्या लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या त्याच्या भावाला मात्र स्वतःच्याच तहसीलात दुभाष्या लागतो. भूगोलात सांगण्यासारखा फरक आहे तो एवढाच.

१९५६ ची रेघ

हा फरक आला कुठून? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत इंदापूर आणि बेळगाव एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवशी राज्यपुनर्रचनेचा कायदा लागू झाला आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला गेला. सांगण्यात आलं की कारभाराच्या सोयीसाठी जिल्हा मोडू नये. पण त्याच कायद्यानं बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्याकडं ठेवला! म्हणजे जिल्हा मोडता येत होता. चंदगडपुरता मोडला, आणि तालुक्यापलीकडच्या मराठी खेड्याशी आल्यावर हात आखडला.

आपला लढाही तेव्हाचाच. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झाल्या, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाल्या. शंभरावर माणसं पडली, त्यांत गिरण्यांतले कामगार होते. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रानं तिच्या पदरात भरभरून मतं टाकली. १८३० साली रयतेनं पायांनी उत्तर दिलं, १९५७ साली मतपेटीनं दिलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पण बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारकडचा, बिदरकडचा मराठी माणूस दाराबाहेरच राहिला. सीमाभाग दर वर्षी १७ जानेवारीला आपल्या १९५६ च्या हुतात्म्यांना फुलं वाहतो आणि १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. १९८६ साली कानडीसक्तीविरुद्ध तिथं पुन्हा रक्त सांडलं.

खेडे हा घटक ही आपण मनानं काढलेली गोष्टही नव्हे. आंध्र आणि मद्रास यांचा हद्दीचा तंटा सोडवायला हरिभाऊ पाटसकर नेमले गेले होते. पाटस हे गाव तर आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलग भूभाग, असं माप त्यांनी लावलं. १९५९ साली संसदेनं त्यासाठी कायदा केला, तिरुत्तणी मद्रासकडं गेलं, आणि दोन्ही राज्यं ते माप मान्य करून मोकळी झाली. तेच माप १९५७ साली मुंबई सरकारनं आपल्या निवेदनात मागितलं होतं. लोकेच्छेची जोड देऊन ८१४ गावं मागितली, आणि आपल्याकडची कन्नड बहुसंख्येची २६० गावं द्यायची तयारी दाखवली. माप एकच, देताना आणि घेताना. अक्कलकोट-जतकडच्या कन्नड खेड्यालाही तेच माप लागू आहे, हे आपण छातीवर हात ठेवून म्हटलं पाहिजे. नाही तर आपल्या मागणीत खोट राहील.

पुढं १९६६ साली महाजन आयोग आला. १९६७ साली त्यानं अहवाल दिला आणि बेळगाव शहर महाराष्ट्राला नाकारलं. महाराष्ट्रानं तो अहवाल फेटाळला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आज मागणी ८६५ गावांची आहे. आयोग झाले, निवेदनं झाली, दावा झाला. पण प्रत्येक गावाच्या चावडीवर जाऊन "बाबांनो, तुमचं म्हणणं काय?" एवढं विचारणारा सरकारी माणूस गेला नाही.

आपण काय करायचं?

कुणी म्हणेल, आपल्याच पोटाला चिमटा, गिरण्या बंद पडल्या, १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानं कंबर मोडली, घरांची रडकथा संपत नाही, त्यात परक्या मुलखातल्या गावांचं ओझं कशाला? त्याला माझं उत्तर गिरणीतलंच आहे. कापड उसवायला लागतं ते किनारीपासून. किनार सुटली आणि विणकर म्हणाला, मधलं कापड तर चांगलं आहे, तर त्या ठाणाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सीमाभाग ही महाराष्ट्राची किनार आहे.

आणि दुसरं. हा तंटा कन्नड कामगाराशी नाही. भीमेच्या खोऱ्यातलंच सोलापूर हे गिरण्यांचं गाव. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारे हात तिथं एका छपराखाली राबले. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात सोलापूरचे चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नावं पुन्हा वाचा. फासाच्या दोरानं कुणाची भाषा विचारली नव्हती. आपण भांडतो आहोत ते माणसाला न विचारता रेघ मारणाऱ्या कारभाराशी.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आपण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या नरसिंहपुरातून आलो. यात्रेला, सणाला, कापणीला गावी जातो. यंदा गेलात की ग्रामसभेत उभे राहा आणि एक ठराव मांडा : हद्दीवरच्या प्रत्येक खेड्याला त्याच्या भाषेवर आणि इच्छेवर आपलं राज्य ठरवण्याचा हक्क आहे. दोन ओळींचा ठराव. सरपंचाची सही, ग्रामपंचायतीचा शिक्का, आणि कागद मुंबईला आणि दिल्लीला. शेकडो गावांचे असे ठराव गेले, तर खेड्याला तोंड नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि तो ठराव मराठीत लिहा. आपला कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, त्यासाठीच तर हा सारा झगडा आहे.

नरसिंहपूरला दोन नद्या भेटतात. कुणी कुणाला बुडवत नाही, दोघी मिळून पंढरीच्या वाटेला लागतात. तिथल्या माणसाला तिन्ही काठ आपले वाटतात, कारण तिन्ही काठांवर त्याचं बोलणं समजतं. हे सुख नरसिंहपूरला आहे, ते बेळगावच्या, निपाणीच्या, भालकीच्या खेड्याला मिळेपर्यंत संयुक्त महाराष्ट्राचं काम पुरं झालेलं नाही.

खेड्याला विचारा! खेडे हाच घटक!
सीमाभाग महाराष्ट्रात आलाच पाहिजे!